आरोग्यदूत : पाळण्यापासून वृद्धापकाळापर्यंत

विदर्भातील समाजसेवेचा इतिहास लिहिताना वास्तूंची व देणगीदारांचीच नावे बहुधा पुढे येतात. परंतु गावातल्याच माणसास शिकवून त्याच्या हाती गावाचे आरोग्य सोपविण्याचे कार्यही याच भूमीत घडले. त्याची नोंद अगत्याने व्हावयास हवी.

महाराष्ट्रात या विचाराचा पाया जामखेडला घातला गेला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे कार्यारंभ केला आणि निरक्षर, उपेक्षित स्त्रियांमधून आरोग्यसेविका घडविल्या. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीस ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथील ३९ गावांत, चार-दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाचे वजन करणे, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे, एवढेच नव्हे तर प्रसंगी इंजेक्शन देणे हेही त्यांना शिकविले गेले. हे धाडस अनेकांना रुचले नसेल तर नवल नाही. पण १९९३-९५ मध्ये हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धत ‘आशा’ सेविकांमार्फत स्वीकारली.

बालके वाचली, वृद्धांचे काय? पेढीवरील रोजमेळ नीट ठेवला की तोटा कोठे होतो ते आपोआप दिसते. तसेच येथे घडले. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ गावांत झालेल्या १५९९ मृत्यूंची कारणे संस्थेने तपासली. त्यांत २२९ मृत्यू पक्षाघाताचे निघाले. अन्य कोणत्याही एका कारणाने इतके लोक दगावले नव्हते. मृतांचे सरासरी वय सदुसष्टच्या आसपास होते आणि शंभरातील सत्त्याऐंशी जणांनी घरीच प्राण सोडला होता. ‘लकवा मारला’ म्हणून नशिबाला बोल लावणाऱ्या गावांना हा हिशेब प्रथमच कळला.

तेव्हा पुन्हा गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडे काम आले : पन्नाशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व साखर तपासणे, त्यांना फिरत्या दवाखान्यात डॉक्टरांकडे पाठविणे आणि घरी जाऊन गोळ्या चालू आहेत ना हे पाहणे. यांतील शेवटचे काम सर्वांत कठीण. ‘आशा’ सेविकेच्या नवजात बाळाकडील भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात. रक्तदाबाच्या म्हाताऱ्याला मात्र काही दुखत-खुपत नसते; ‘मला काय धाड भरली आहे?’ असे म्हणून तो गोळी बंद करतो. त्याच्या दारी महिन्यामागून महिने जावे लागते. तेथे उपयोगी पडतो तो ओळखीचा शब्द. शहरातून एका शिबिरापुरता आलेला डॉक्टर, कितीही निष्णात असला तरी, दुसऱ्या महिन्यात त्या ओसरीवर नसतो.