सही राघोबाची, बोल आनंदीबाईला

१७७४ पर्यंत माहीमची खाडी ही सरहद्द होती. दक्षिणेला ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई, पलीकडे वांद्र्यापासून पेशव्यांची साष्टी. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बळकावली. कागद मागाहून आला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावाने, म्हणजे राघोबाने, पेशवाई मिळवून देण्याच्या बोलीवर साष्टी आणि वसई लिहून दिली. म्हणजे साष्टीपुरती तरी गेलेलीच वस्तू बक्षीस दिली. सालबाईच्या तहात वसई पेशव्यांकडे परत आली, साष्टी नाही. वांद्रे इंग्रजांचं झालं ते असं.

राघोबाला सुरत का गाठावी लागली, याचं मूळ ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात आहे. गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्याला, राघोबाच्या पुतण्या नारायणरावाला मारलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष राघोबाच्या माथी ठेवला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. मग राघोबाच्या हुकुमातल्या 'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं? ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात तो फेरफार केलेला कागद रामशास्त्र्यांच्या हाती आल्याचं सांगितलं आहे. पण राघोबाच्या बायकोचं, आनंदीबाईचं नाव तो सार्वत्रिक समजूत म्हणून घेतो. खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी छापलेली समजूत ही साक्ष म्हणून फार तोकडी. पुढे खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' नाटक आलं, १९४४ मध्ये प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटात ललिता पवार आनंदीबाई झाल्या, आणि समजुतीला चेहरा मिळाला.

ग्रीकांच्या राणी क्लायटेम्नेस्ट्राचंही असंच झालं. होमरच्या 'ओडिसी'त तिच्या नवऱ्याच्या, अगामेम्नॉनच्या खुनाचा मुख्य धनी तिचा प्रियकर एजिस्थस. राणी सामील, पण मागे. इ.स.पू. ४५८ मध्ये एस्किलसने रंगमंचावर आणली ती राणी मात्र प्रेताशेजारी उभी राहून 'मीच मारलं' म्हणते. निदान त्याने तिला कारण तरी दिलं: बापाने बळी दिलेली मुलगी, इफिजेनिया. आनंदीबाईच्या दंतकथेत सत्तेच्या हावेपलीकडे काही नाही.

कागदांतली आनंदीबाई वेगळीच दिसते. नवरा गुजरातेच्या वाटेवर असताना ती गरोदर, धारच्या किल्ल्यात. जानेवारी १७७५ मध्ये तिथेच दुसरा बाजीराव जन्मला. १७८३ मध्ये कोपरगावला राघोबा गेला, १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीला ती. पुढे ३१ डिसेंबर १८०२ ला त्याच मुलाने वसईला कंपनीशी तह करून उरलीसुरली पेशवाई कंपनीच्याच दावणीला बांधली. आई तेव्हा हयात नव्हती, नाहीतर त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं.