पणजी आणि मडगावच्या मधोमध : कुटुंबासाठी गाव निवडताना

पती पणजीत आणि पत्नी मडगावात नोकरीला, किंवा याच्या उलट, अशी घरे गोव्यात आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. सरकारी खाती, बँकांची मुख्य कार्यालये, विद्यापीठ आणि गोमेकॉ उत्तरेकडे. मडगावची बाजारपेठ, दक्षिणेची जिल्हा कचेरी आणि वेर्ण्याची औद्योगिक वसाहत दक्षिणेकडे. दोन्ही शहरांमधले अंतर सुमारे ३३ किलोमीटर. अशा दांपत्याला मूल झाले की एक विचार हमखास पुढे येतो : दोघांनाही सारखाच प्रवास पडेल असे मधले गाव शोधावे आणि तेथे घर करावे. नकाशावर मधोमध बोट ठेवले, तर ते कुठ्ठाळी-आगशीच्या आसपास पडते. मात्र नकाशावरचा मध्य हाच संसाराचाही मध्य असतो, असे गृहीत धरून चालत नाही. घर घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, याचा हा आढावा.

नदी आणि पूल

पणजी-मडगाव मार्गावरचे खरे अंतर किलोमीटरवर नव्हे, तर झुआरी नदीवर मोजले जाते. आगशी आणि कुठ्ठाळी ही समोरासमोरच्या काठांवरची गावे. १९८३ मध्ये झुआरीवर पूल होईपर्यंत त्यांच्यामध्ये फेरीबोट चालत असे. पुढे जुना पूल थकला आणि अवजड वाहनांवर निर्बंध घालावे लागले. पुलावरच्या कोंडीत कामाचे तास कसे वाया गेले, हे त्या काळात नोकरी केलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. आठ पदरी नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीस खुली झाली. तेव्हापासून आगशी, पिलार, कुठ्ठाळी, वेर्णा या पट्ट्याकडे घर शोधणाऱ्यांचे लक्ष वेगळ्या नजरेने वळले आहे.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महामार्गावर अपघात झाला, झाड पडले किंवा मोर्चा निघाला, तर अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे अडकतो. पर्याय उरतो तो फोंड्याहून बोरी पुलाचा लांबचा वळसा, किंवा दुचाकीस्वारांना उपयोगी पडणारी कुठ्ठाळी-मडकई फेरी. म्हणून पती-पत्नींपैकी एकाचे कामाचे ठिकाण आणि मुलाची शाळा नदीच्या एकाच काठावर असावी, हा साधा नियम पाळणे हिताचे ठरते.

दुपारी दीडचा प्रश्न

मोठ्या शहरांतून गोव्यात आलेल्या कुटुंबांना जी गोष्ट उशिरा उमगते, ती म्हणजे येथील शाळांची वेळ. बहुतांश शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी दीडच्या आसपास सुटतात. प्राथमिक वर्ग त्याहून लवकर. आईवडील घरी परततात ते संध्याकाळी सहानंतर. मधले चार-साडेचार तास मूल कोणाजवळ असेल, हा या साऱ्या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. घर शोधताना मात्र तो बहुधा शेवटी विचारला जातो.

आजी-आजोबा जवळ असतील, तर अर्धा प्रश्न सुटतो. नसतील तर पाळणाघर, शेजार किंवा दुपारी घरी पोहोचू शकेल असा एक पालक हवा. महामार्गालगतच्या नव्या गृहसंकुलांत सदनिका पुष्कळ. पण त्यांतील काही सुट्टीपुरत्या वापरल्या जातात, काही भाड्याने फिरत्या पाहुण्यांना दिल्या जातात. दुपारी दार ठोठावले तर उघडणारे शेजारी तेथे असतीलच असे नाही. जुन्या वाड्यावरचे साधे घर या बाबतीत नव्या संकुलापेक्षा सरस ठरू शकते.

पाठोपाठ प्रश्न येतो शाळेत नेण्या-आणण्याचा. सरकारी अनुदान मिळणाऱ्या अनेक शाळांकडे ‘बालरथ’ योजनेची बस असते. ती आपल्या वाड्यापर्यंत येते की मुख्य रस्त्यावरच सोडते, हे प्रवेश घेण्यापूर्वी शाळेत जाऊन विचारावे. चार पदरी महामार्ग ओलांडून सात वर्षांच्या मुलाला घरी यावे लागणार असेल, तर घर शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर असूनही ते दूरच म्हणावे लागेल.

तीन पर्याय

पहिला पर्याय तिसवाडीच्या काठाचा : बांबोळी, शिरदोण, पिलार, गोवा वेल्हा, आगशी. गोमेकॉ हे राज्यातील सर्वांत मोठे सरकारी इस्पितळ बांबोळीत असल्याने लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरांना या पट्ट्याचे मोठे आश्वासन वाटते. पिलारला शाळेपासून महाविद्यालयापर्यंत शिक्षणाची सोय आहे. मडगावला जाणाऱ्याला रोज पूल ओलांडावा लागतो, एवढी त्याची किंमत.

दुसरा पर्याय पुलापलीकडचा : कुठ्ठाळी, वेर्णा, नुवे. वेर्ण्याच्या वसाहतीत नोकरी असणाऱ्याला हे सोयीचे. कुठ्ठाळी हा पणजी, मडगाव आणि वास्को या तिन्ही दिशांचा सांधा असल्याने खासगी बसगाड्या सतत मिळतात. येथे एक गंमत मात्र लक्षात घ्यावी. पणजी-मडगाव प्रवासाचा कणा असलेली कदंबची शटल सेवा विनाथांबा आहे. ती दोन्ही टोकांच्या प्रवाशांसाठी आहे. मधल्या गावातल्या माणसाला ती दारावरून जाताना दिसते, पण चढता येत नाही. त्यामुळे मध्यावर राहणाऱ्याचा बसप्रवास अंतराच्या मानाने अधिक वेळ खाऊ शकतो. कोकण रेल्वेची वेर्णा आणि करमळी ही स्थानके या पट्ट्यात असली, तरी रोजच्या कार्यालयीन ये-जासाठी त्या गाड्यांवर विसंबून राहणे कठीण आहे.

तिसरा पर्याय सरळ रेषेत बसत नाही, तरी विचारात घ्यावा असा आहे : फोंडा. पणजीपासून सुमारे ३० आणि मडगावपासून सुमारे २० किलोमीटरवरचे हे शहर दोन्हींशी त्रिकोण साधते. अंतर वाढते, पण त्याबदल्यात गाव नव्हे, पूर्ण शहर मिळते : नगरपालिका, उपजिल्हा इस्पितळ, बाजार, राजीव गांधी कला मंदिर आणि फर्मागुढीच्या पठारावरील गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय. पहिलीतले मूल बारावी होईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, घर बदलावे लागत नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या देवस्थानांमुळे जत्रा, भजन आणि नाटकाची परंपरा अंगणातच लाभते. २०१५ मध्ये हा तालुका उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात आला.

मराठी शाळेचा शोध

मुलाचे प्राथमिक शिक्षण मराठीतून व्हावे, असे वाटणाऱ्या कुटुंबासाठी ही बाब निर्णायक ठरू शकते. राज्यातील सरकारी प्राथमिक शाळा प्रामुख्याने मराठी आणि कोकणी माध्यमाच्या आहेत. १९९० च्या धोरणानुसार प्राथमिक स्तरावर अनुदान मातृभाषेतील शाळांनाच मिळत असे; २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते मिळू लागले आणि शाळांचे चित्र पालटले. पटसंख्या घटल्याने अनेक ठिकाणच्या सरकारी शाळा बंद पडल्या किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाल्या.

फोंडा, डिचोली, पेडणे या तालुक्यांत मराठी शाळांची परंपरा दाट आहे. सासष्टी आणि मुरगावच्या काठावर ती विरळ होते. तेव्हा ‘गावात मराठी शाळा आहे’ एवढ्या माहितीवर समाधान मानू नये. पहिलीत किती मुले आहेत, शिक्षक किती, चौथीनंतर मुले कोणत्या विद्यालयात जातात, हे प्रत्यक्ष पाहावे. पाच मुलांची शाळा मन लावून शिकवणारी असू शकते; पण ती दोन वर्षांनी तेथेच असेल का, हेही विचारणे पालकांचे कर्तव्य आहे.

नळ, कचरा आणि पंचायत

झुआरीच्या दोन काठांचे पाणीही वेगळे आहे. तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांची मुख्य भिस्त ओपा प्रकल्पावर. सासष्टी आणि मुरगावची साळावली धरणावर. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा ऐन पावसाळ्यात या दोन तालुक्यांतील नळ कित्येक दिवस कोरडे राहिले होते. म्हणून घराला विहीर आहे का, टाकी किती लिटरची, एप्रिल-मे महिन्यांत नळाला किती तास पाणी येते, हे विक्रेत्याला न विचारता शेजाऱ्यांना विचारावे.

आगशी, कुठ्ठाळी, वेर्णा, नुवे येथे ग्रामपंचायती आहेत. कचरा, पथदीप, गटार यांची कामे पंचायतीच्या मर्यादित बळावर चालतात. पंचायतघरात एकदा जाऊन कचरा किती दिवसांनी उचलला जातो एवढे विचारले, तरी गावाच्या कारभाराचा अंदाज येतो.

कागदपत्रांची पारख

भाव परवडला आणि गाव आवडले, तरी सही करण्यापूर्वी काही गोष्टी वकिलाकडून तपासून घ्याव्यात. एक-चौदाच्या उताऱ्यात कूळ किंवा मुंडकाराची नोंद आहे का, जमीन कोमुनिदादची आहे का, रूपांतराची सनद झाली आहे का, प्रादेशिक आराखड्यात ती कोणत्या विभागात येते आणि इमारतीला वापर परवाना मिळाला आहे का, हे पाच प्रश्न अनिवार्य आहेत. नवा प्रकल्प असेल, तर रेराकडील नोंदणी पाहावी. शेतजमिनीच्या हस्तांतरणावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत, हेही विसरू नये. गोव्याच्या नागरी संहितेनुसार विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे विक्रीखतावर विक्रेत्याच्या जोडीदाराचीही सही लागते. झुआरीकाठच्या सखल भागात घर पाहताना ती जागा भराव घातलेले खाजन तर नाही ना, हे पावसाळ्यात जाऊन पाहावे. भरलेले खाजन भरतीच्या पाण्याला विसरत नाही.

पर्वरीचा धडा

दोन शहरांमधल्या गावाचे पुढे काय होते, याचे उदाहरण राज्यात डोळ्यांसमोर आहे. पणजी आणि म्हापसा यांच्यामधली पर्वरी एकेकाळी शांत पठार होती. विधानसभा आणि सचिवालय तेथे गेले, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची नवी इमारतही तेथेच झाली. लोकवस्ती शहराएवढी झाली, तरी कारभार वेगवेगळ्या ग्रामपंचायतींकडे विभागलेला राहिला आणि महामार्गावरची कोंडी फोडण्यासाठी उन्नत मार्गाचे काम हाती घ्यावे लागले. ‘मधले गाव’ म्हणून आज स्वस्त आणि निवांत वाटणारी जागा दहा वर्षांनी तशीच राहील, असे समजून घर घेऊ नये. जवळपास रिकामी जमीन किती आणि तिचा विभाग कोणता, यावरून उद्याचे गाव आजच ओळखता येते.

सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे : अकरा महिन्यांच्या करारावर आधी भाड्याने राहून पाहावे. त्यात एक पूर्ण पावसाळा आणि एक एप्रिल-मे यायला हवा. ते शक्य नसेल, तर कामाच्या दिवशी किमान दोन फेऱ्या माराव्यात. एक सकाळी साडेसातला, कार्यालयाच्या वाटेने. दुसरी दुपारी दीडला, शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत, मुलाच्या पावलांनी. पहिल्या फेरीत आपला प्रवास कळतो. दुसऱ्या फेरीत दारात कोण उभे असेल ते कळते, आणि घराचा निर्णय त्यावर करावा.