२,१४,७४,८३,६४७ : एका मूळ संख्येची कथा

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनच्या ३१ व्या घातातून एक वजा केला की ही दहा अंकी संख्या मिळते. तिला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नाही. म्हणजेच ती मूळ संख्या आहे. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या फ्रेंच धर्मगुरू व गणिती मारँ मर्सेन यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्या मालिकेतील ही आठवी संख्या. मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ असल्याचे सांगितले. सिद्धता मात्र दिली नाही.

ती सिद्धता लिओनार्ड ऑयलर यांनी दिली आणि १७७२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या काळात सेंट पीटर्सबर्ग येथे राहणाऱ्या ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ पेक्षा किंचित कमी आहे. तोपर्यंतच्या मूळ संख्याच ४,७०० हून अधिक भरतात. प्रत्येकीने भागून पाहणे जिकिरीचे होते. परंतु या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ हीच बाकी उरली पाहिजे, हे ऑयलर यांनी ओळखले. त्यामुळे तपासण्याजोग्या संख्या शंभराहूनही कमी उरल्या. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही.

पुढे ऐंशीहून अधिक वर्षे ही ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. तिला दोनच्या ३० व्या घाताने गुणले असता २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते; म्हणजे तिच्या स्वतःहून लहान अशा सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते. अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. तेव्हा याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधण्याच्या फंदात कोणी पडणार नाही, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते. हे भाकीत दोन्ही अर्थांनी चुकले. त्याच शतकात याहून मोठ्या संख्या सापडल्या, आणि विसाव्या शतकात हीच संख्या संगणकाच्या मर्मस्थानी जाऊन बसली.

द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिताना सलग ३१ वेळा एक येतो. संगणकात पूर्णांकासाठी बत्तीस स्थाने राखली आणि त्यांतील एक धन-ऋण चिन्हासाठी सोडले, तर मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. 'गंगनम स्टाइल' या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येमुळे २०१४ मध्ये यूट्यूबला आपल्या गणकाची मर्यादा वाढवावी लागली, ती याच कारणाने.

अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या संख्येपाशी पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला बत्तीस स्थानांच्या प्रणालींत चिन्ह उलटून घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू शकेल. चौसष्ट स्थाने वापरणे हा त्यावरील उपाय असून नव्या प्रणालींत तो रूढ झाला आहे. प्रश्न आहे तो यंत्रांच्या पोटात वर्षानुवर्षे मुकाट्याने चालणाऱ्या जुन्या प्रणालींचा. त्या हुडकून मुदतीपूर्वी बदलाव्या लागतील.