‘समाजस्वास्थ्य’ आणि गुप्तरोगांची धास्ती

गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया) ही नावं शंभर वर्षांपूर्वी घरात काढायची सोय नव्हती. संबंधानंतर जीव धास्तावला, तर आधार वैदूच्या पुडीचा, नाहीतर ‘गुप्तरोगां’वरच्या जाहिरातींचा.

जुलै 1927 मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात रोखठोक, छापील उत्तरं मिळत. त्यापायी 1934 मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी दंड झालाच.

त्या काळी गरमीची रक्तचाचणी होती, ती 1906 पासूनच. पण गरमीवर पेनिसिलिनचा गुण 1943 मध्ये दिसला.

आज गुजरात सीमेवरच्या पेठमधूनही 1097 हा एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लावता येतो. एचआयव्हीचा धोका वाटला, तर प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात. तेव्हा लाजेपायी थांबू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा.