मणी घडविणाऱ्यांचा दिनक्रम : माहुरझरीच्या दगडापासून काचेच्या कांडीपर्यंत

नागपूर : सदरमधून छावणीमार्गे काटोल रस्त्याला लागले, की शहर संपता संपता गोरेवाड्याचे जंगल सुरू होते. याच दिशेला, नागपूरच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर माहुरझरी हे गाव आहे. अनेक नागपूरकरांनी या गावाचे नाव केवळ रस्त्यावरील फलकावर वाचलेले असते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र ते चांगलेच परिचित आहे. दोन हजार वर्षांपूर्वी येथे दगडाचे मणी घडविण्याचा मोठा उद्योग चालत असे आणि त्या उद्योगाच्या खुणा या परिसराच्या मातीत आजवर टिकून राहिल्या आहेत.

मणी हा मानवाच्या सर्वांत जुन्या दागिन्यांपैकी एक. मराठी घरांत तो मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत, बाळाच्या मनगटावर आणि जपाच्या माळेत आढळतो. पण मणी घडविणाऱ्याचा दिवस कसा जातो, याची कल्पना फारच थोड्यांना असते. तयार मणी त्याच्या धन्याविषयी सांगतो. कारागिराविषयी सांगतात ते फुटलेले, अर्धवट सोडलेले आणि फेकून दिलेले मणी. माहुरझरीचे महत्त्व या टाकाऊ मालात आहे.

उत्खननातून काय हाती आले?

काटोल रस्त्याच्या परिसरात महापाषाणयुगीन शिळावर्तुळे मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी जुनापाणी येथील वर्तुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केली आहेत. मध्य प्रांताचे कापूस आयुक्त असलेले जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १९ व्या शतकातच त्यांची पाहणी करून काही वर्तुळे खणली होती. माहुरझरीचे शास्त्रशुद्ध उत्खनन नागपूर विद्यापीठाने १९७० ते १९७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली केले. त्याचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील या दफनांमध्ये लोखंडी कुऱ्हाडी व खंजीर, तांब्याच्या वस्तू, तांब्याच्या साजासह पुरलेल्या घोड्याचे अवशेष आणि तांबड्या अकीकाचे मणी मिळाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. आर. के. मोहंती यांनी या स्थळाच्या मणी उद्योगाचा अभ्यास केला आणि २००१ नंतरच्या काही हंगामांत तेथे पुन्हा उत्खनन झाले. दफनांबरोबरच वसाहतीकडेही लक्ष गेल्याने मणी तयार होण्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच ठिकाणी दिसून आल्या. अख्खा दगड, टवके काढलेला तुकडा, घासलेला पण छिद्र न पाडलेला मणी आणि छिद्र पाडताना दुभंगलेला मणी असा हा क्रम आहे. ही वस्ती वाकाटकांच्या काळापर्यंत नांदती होती. वाकाटक नृपती दुसरा पृथ्वीषेण याचा एक ताम्रपटही माहुरझरीचाच आहे.

हा उद्योग येथेच का वाढला, याचे उत्तर जमिनीत आहे. नागपूर हे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, पूर्वेकडील काठावर वसले आहे. सिताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स याच पाषाणाच्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. कालांतराने त्यांत सिलिका साचून अकीक, कॅल्सेडनी, जास्पर, स्फटिक आणि जांभळा स्फटिक तयार झाले. बेसाल्ट झिजला, की हे कठीण गोटे सुटे होऊन ओढ्यानाल्यांत येतात. कारागिराचा कच्चा माल असा पायाखालीच होता.

दगड : वेज अखेरीस पाडले जाते

माहुरझरीचे कारागीर प्रत्यक्ष काम कसे करीत, हे समजून घेण्यासाठी अभ्यासक गुजरातमधील खंबायतकडे पाहतात. तेथे अकीकाचे मणी घडविण्याची परंपरा आजच्या काळापर्यंत चालत आली आहे. जोनाथन मार्क केनॉयर, मास्सिमो व्हिडाले आणि कुलदीप भान या अभ्यासकांनी तेथील कारागिरांच्या कामाची तपशीलवार नोंद केली आहे. माहुरझरीत सापडलेल्या टाकाऊ मालाचा अर्थ या नोंदींच्या आधारे लावता येतो.

या कामाची सुरुवात प्रतीक्षेने होते. खाणीतून आलेले गोटे दीर्घकाळ उन्हात वाळविले जातात. त्यानंतर ते मातीच्या भांड्यांत घालून शेणी किंवा लाकडाच्या भुशाच्या मंद आचेत भाजतात. आच एकदम वाढली किंवा भांडे लवकर उघडले, तर दगड तडकतो. भाजल्याने दोन गोष्टी साधतात. दगडाचे टवके अधिक सहज निघू लागतात आणि दगडातील लोहामुळे पिवळट अकीक तांबडा होतो.

टवके काढण्याची पद्धत पाहणाऱ्याला उलटी वाटते. कारागीर जमिनीत तिरक्या रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईवर दगड टेकवितो आणि म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोडीने त्यावर ठोका देतो. टवका निघतो तो सळईच्या बाजूने. शिंग मऊ असल्याने आघात आवरलेला राहतो. अशा ठोक्यांनी मण्याचा ओबडधोबड आकार तयार होतो. पुढे तो घासून गुळगुळीत केला जातो. पूर्वी हे काम खाचा असलेल्या वालुकाश्मावर होत असे, अलीकडे ते विजेवर फिरणाऱ्या चाकावर होते.

सर्वांत जोखमीचे काम वेज पाडण्याचे, म्हणजे मण्यातून आरपार छिद्र पाडण्याचे. सुताराच्या सामत्यासारखे कमानीने फिरणारे साधन त्यासाठी वापरतात. पोलादी सळईच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसविलेल्या असतात. मणी लाकडी चिमट्यात धरून त्यावर थेंब थेंब पाणी सोडतात, अर्धे वेज एका बाजूने आणि अर्धे दुसऱ्या बाजूने पाडतात. दोन्ही छिद्रे मध्यभागी जुळली नाहीत, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. हिरा हाती येण्यापूर्वी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांना हेच काम दगडी सामत्याने करावे लागे. केनॉयर यांच्या प्रयोगांनुसार त्या काळातील लांब अकीकमण्याला केवळ वेज पाडण्यासाठी काही दिवस लागत.

शेवटी चकाकी. पूर्वी मणी आणि अकीकाची पूड चामड्याच्या पिशवीत भरून ती दोन माणसांमध्ये दिवसेंदिवस घोळवीत. आता फिरत्या पिंपांनी हे काम पत्करले आहे. काही तांबड्या मण्यांवर पांढरी नक्षी दिसते, ती कोरलेली नसते. अर्नेस्ट मॅके यांनी सिंधमधील सेहवान येथे एका वृद्ध कारागिराकडून तिची कृती समजून घेतली आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. धुण्याच्या सोड्यात वनस्पतीचा रस कालवून मण्यावर रेघा ओढायच्या आणि मणी निखाऱ्यावर तापवायचा, म्हणजे त्या रेघा कायमच्या पांढऱ्या होतात.

काच : वेज आधीच असते

काचेच्या मण्यात हा क्रम नेमका उलटा आहे. तेथे छिद्र पाडावे लागत नाही, छिद्राभोवती मणी घडविला जातो. प्राचीन भारतात यासाठी काचेची पोकळ नळी ओढण्याची पद्धत विकसित झाली. आंध्र प्रदेशातील पापानायडुपेटा येथे ती परंपरेने टिकून राहिली. वितळलेल्या काचेचा गोळा पोकळ लोखंडी नळीवर घेऊन भट्टीत ठेवतात आणि दुसऱ्या बाजूने आकड्याने धरून त्याची लांब, बारीक नळी ओढतात. नळीचे तुकडे करून ते राखेत पुन्हा तापविले, की धारदार कडा गोल होतात. अशा पद्धतीचे भारतीय मणी एके काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पोहोचले होते. उत्तर प्रदेशातील पुर्दिलनगरात भट्टीतील काच लोखंडी सळईवर गुंडाळून मणी करतात.

शहरातील घरगुती कलावंत याच दुसऱ्या पद्धतीचा लहान अवतार वापरतात. पोलादी सळईला मातीचा पातळ लेप द्यायचा, रंगीत काचेची कांडी ज्योतीत मऊ करायची आणि सळई फिरवीत तिच्यावर काच घ्यायची. सळई फिरण्याची थांबली, की मणी एका बाजूला ओघळतो. काचेतील सोडियममुळे ज्योत पिवळी भगभगते, म्हणून विशिष्ट काचेचा चष्मा वापरावा लागतो. तयार मणी उघड्यावर ठेवला तर तडकतो. तो सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून कित्येक तास हळूहळू निववावा लागतो. मण्याची पारख त्यामुळे बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळीच होते.

नागपूरसारख्या शहरात या कामाला ऋतूची मर्यादा पडते. काम सुरू असताना पंखा लावता येत नाही. वाऱ्याच्या झोताने ज्योत हलते आणि मणी असमान निवून तडकतो. धूर बाहेर जाण्यासाठी हवा तर खेळती हवीच. २३ मे २०१३ रोजी शहराच्या तापमानाने ४७.९ अंशांची नोंद केली होती. अशा उन्हाळ्यात ज्योतीपुढे बसायचे, तर पहाटेची वेळ गाठावी लागते.

लोकर : खुणा न ठेवणारे काम

काचेच्या मण्यांबरोबर जमविलेल्या लोकरीचे काम करण्याचीही पद्धत आहे. काश्मीर, राजस्थानातील टोंक आणि कच्छ येथील नमदा हा याच कुळातला. नमदा विणला जात नाही, त्यामुळे त्याला मागही लागत नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि सततचे चोळणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आटून घट्ट होते. एकदा जमलेली लोकर पुन्हा सुटी करता येत नाही. तळहातांमध्ये घोळवून तिचेही मणी करता येतात. भट्टीत काच निवत असताना हात मोकळे असतात, त्या वेळात हे काम बसते.

मात्र लोकर मातीत कुजून जाते. फुटलेली काच पुन्हा वितळवून वापरता येते. त्यामुळे या दोन्ही कामांचा मागमूस कमी उरतो. दगडाचा टवका कुजत नाही, वितळत नाही आणि पुन्हा जोडताही येत नाही. कारागिराच्या कामाची इतकी पूर्ण नोंद म्हणूनच दगडातच मिळते.

धुळीची किंमत

या व्यवसायाची एक बाजू दागिन्यात दिसत नाही. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तो कोरडा घासला, की त्याची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. अशा रुग्णाला क्षयाचाही धोका वाढतो. खंबायतच्या अकीक कारागिरांमधील हा आजार अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासांतून नोंदविला गेला आहे. घरातच काम चालत असल्याने घासकाम न करणारी माणसेही या धुळीच्या कक्षेत येतात. पाण्याचा वापर आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा हे त्यावरील उपाय आहेत. माहुरझरीच्या कारागिरांनी हीच धूळ सोसली असणार.

टवक्यांचे मोल

माळेतला मणी हरवला, तर एक मणी हरवतो. जमिनीवरचा मणी किंवा टवका उचलला, की त्याची जागाही पुसली जाते. तो कोणत्या थरात होता, त्याच्या शेजारी कोणता सामता किंवा राख होती, यावरून काळ आणि काम ठरते. घरी नेलेल्या मण्याला ही ओळख उरत नाही. शेतातील नांगरट, मुरूम काढणे आणि शहराचा विस्तार यांनी हे थर विस्कटण्याचा धोका अशा प्रत्येक स्थळाला असतो. नागपूर काटोल मार्गाने पुढे सरकत असल्याने माहुरझरीच्या बाबतीत तो अधिक जवळचा आहे.

कायद्याची तरतूद अस्तित्वात आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत. शंभर वर्षांहून जुना मणी या व्याख्येत बसतो. मात्र बिनकामाचा म्हणून लाथाडला जाणारा टवका वाचविण्यासाठी कायद्याइतकीच त्याची ओळख पटणे आवश्यक आहे.

सदरला लागून असलेल्या सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच नागपूरकरांचा अजब बंगला, १८६३ मध्ये स्थापन झाला. शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी जुन्या वस्तू पाहण्याची पहिली संधी तेथे घेतली. तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या माहुरझरीत वस्तूंबरोबर त्या घडविणाऱ्यांचा दिवसही शिल्लक आहे. फिरायला जाणाऱ्यांनी तेथील चकचकीत खडा खिशात न टाकता आहे त्या जागी राहू दिला, तरी त्या दिवसाचे एक पान वाचेल.