फोटोची चौकट आणि मुस्लिम मोहल्ला

रस्त्यावर काढलेला फोटो खरं बोलतो, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो आपल्यापर्यंत पोचेपर्यंत त्यावर किमान तीन निर्णय झालेले असतात. कडेचं काय छाटायचं, रंग ठेवायचे की काळं-पांढरं करायचं आणि खाली ओळ काय लिहायची. मुस्लिम मोहल्ल्यांचे फोटो सगळीकडे एकसारखेच का दिसतात, याचा उलगडा या निर्णयांच्या इतिहासातून बराचसा होतो.

फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४) फोटो क्रॉप करण्याच्या सक्त विरोधात होते. चौकट बटण दाबतानाच ठरली पाहिजे, नंतर डार्करूममध्ये कात्री लावली की रचनेचा तोल जातो, अशी त्यांची भूमिका होती. १९५२च्या ‘द डिसिसिव्ह मोमेंट’ या पुस्तकात त्यांनी ती मांडली. गंमत म्हणजे त्यांचा सर्वाधिक गाजलेला फोटो क्रॉप केलेला आहे. १९३२ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस त्यांनी कुंपणाच्या फटीतून टिपला. निगेटिव्हच्या डाव्या बाजूला फळी आली होती, ती छाटली गेली.

हेच ब्रेसाँ फाळणीच्या काळात भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते. त्याच वर्षी त्यांनी श्रीनगरच्या हरी पर्बत टेकडीवर काश्मिरी बायकांचा फोटो काढला. पाठमोऱ्या उभ्या बायका, एकीचे उघडे तळवे, समोर ढग आणि डोंगर. फोटो अप्रतिम आहे, यात वाद नाही. जगभर तो एका ओळीसह छापला जातो : हिमालयामागून उगवणाऱ्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करणाऱ्या मुस्लिम स्त्रिया.

कुणाही मुसलमान वाचकाला ही ओळ खटकेल. श्रीनगरहून किब्ला पश्चिमेला आहे, सूर्य उगवतो पूर्वेला. शिवाय नेमकी सूर्योदयाची वेळ नमाजसाठी वर्ज्य मानली जाते. दुआ मात्र कोणत्याही दिशेला तोंड करून मागता येते. या टेकडीच्या उतारावर शेख हमजा मखदूम यांचा दर्गा आहे, तिथं दुआ मागायला माणसं नेहमीच येतात. त्या ओळीत दर्ग्याचा उल्लेख नाही, सूर्याचा आहे. म्हणजे निगेटिव्हला कात्री न लावताही त्या बायका त्यांच्या श्रद्धेपासून, त्यांच्या गावापासून तोडल्या गेल्या. कडा शाबूत ठेवणं म्हणजे संदर्भ शाबूत ठेवणं नव्हे.

आता रंगाचा मुद्दा. कोडाक्रोम फिल्म १९३५ साली बाजारात आली, तरी रंग जाहिरातींचे आणि काळं-पांढरं कलेचं, ही समजूत कित्येक दशकं टिकली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९७६ मध्ये विल्यम एगल्स्टन यांचे रंगीत फोटो मांडले, तेव्हा मोठी टीका झाली. जयपूरच्या रघुबीर सिंह (१९४२-१९९९) यांनी मात्र त्याआधीच रंगाची वाट धरली होती. १९६६ साली त्यांनी जयपुरात ब्रेसाँना काम करताना पाहिलं. त्यांच्याकडून चौकट घेतली, पण काळं-पांढरं घेतलं नाही.

‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) या पुस्तकात सिंह यांनी आपलं नातं मुघल आणि राजपूत लघुचित्रांशी जोडलं. अकबरनाम्यातलं फतेहपूर सीक्रीच्या बांधकामाचं चित्र आठवा. तिथं दगड फोडणारा मजूरही चित्रात आहे आणि त्याच्या कपड्यालाही रंग आहे. सिंह यांच्या मुंबईवरच्या पुस्तकात (१९९४) झवेरी बाजारातलं दुकान आणि बाहेरची वर्दळ अशीच एका चौकटीत येते. रंग हाच भारतीयांचा स्वभाव, हे त्यांचं म्हणणं मात्र सरसकट वाटतं. सुनील जाना यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो काळ्या-पांढऱ्यातच काढले आणि त्यांची सच्चाई कुठं कमी झाली नाही.

प्रश्न रंग चांगला की वाईट हा नाहीच. तो काढल्यावर काय हरवतं, हा आहे. भेंडी बाजारात बोहरा स्त्रिया रिदा घालतात. तो गुलाबी, पोपटी, आकाशी असतो, त्याला लेस लावलेली असते. रंग काढून टाका, की परक्या माणसाला तो नुसता ‘बुरखा’ दिसतो. बोहरा टोपीची सोनेरी किनार करडी होते. एका बाजारातले निरनिराळे मुसलमान एकाच साच्यात बसतात. मग कात्री येते. मोहम्मद अली रोडवर रमजानच्या संध्याकाळी खायला आलेले इतर धर्मांचे मुंबईकर कडेला जातात आणि मधोमध उरतात मिनार, टोप्यांच्या रांगा आणि एक पाठमोरी बाई. पुढं शिक्षणाची बातमी असो, तलाकची असो की दंगलीची, तोच फोटो चिकटवला जातो.

याला दरवेळी कारस्थान म्हणायची गरज नाही. घाई, सवय आणि तयार फोटोंचा साठा एवढं पुरेसं असतं. पण नुकसान खरं आहे. शेजारी एकमेकांना अशाच फोटोंतून ओळखू लागतात.

आज मोहल्ल्यातल्या पोरांच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. ईदच्या दिवशी तीही मिनार आणि टोप्याच काढतात, कारण ‘चांगला फोटो’ म्हणून तेच पाहिलेलं असतं. त्यांनी यंदा दोन पावलं मागं यावं. शिरखुर्म्यासाठी दूध आणून देणारा गवळी, शिंप्याच्या दुकानातली गर्दी, अम्मीचा जांभळा दुपट्टा चौकटीत येऊ द्यावा आणि खालची ओळ स्वतः लिहावी.