आंतरराष्ट्रीय प्रदर्शने

अनेक देशांतील उत्पादकांनी आपला माल एकाच ठिकाणी मांडून परदेशी ग्राहकांशी थेट सौदे जुळवण्यासाठी भरवलेला मेळावा. लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1851 साली भरलेले प्रदर्शन हा या प्रथेचा ठळक आरंभ मानला जातो. तेथील हिंदी दालन ईस्ट इंडिया कंपनीने उभारले होते. 1928 च्या पॅरिस करारानुसार नियमित होणारी जागतिक प्रदर्शने व निव्वळ व्यापारी मेळावे या गोष्टी वेगळ्या असून खरी खरेदी-विक्री मुख्यतः दुसऱ्या प्रकारात होते. प्रदर्शनासाठी तात्पुरता आणलेला माल परत नेण्याच्या अटीवर ‘एटीए कार्नेट’ या परवान्याने सीमाशुल्काविना सोडला जातो. भारतात तो ‘फिक्की’ देते.

मुंबईत 1980 पासून अनेक वर्षे भरलेल्या ‘इंडिया आयटीएमई’ या वस्त्रयंत्र प्रदर्शनाचा संबंध, दुरून का होईना, सोनपेठसारख्या (जि. परभणी) गोदाखोऱ्यातील कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांशीही पोचतो. रुईची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून, ओढून तंतूची लांबी अजमावणे ही बाजारातली जुनी रीत. परदेशी गिरणीमालकाला मात्र यंत्राने मोजलेले आकडे लागतात, आणि ती यंत्रे अशाच दालनांत चालती पाहायला मिळतात.